सातभाई कशाला ओरडले

माझं डोकं लवकर तापतं. पालमला आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आई म्हणते, धम्मशीला हे नाव ठेवताना आमचा अंदाज जरा चुकलाच. आणि असल्या तापट बाईनं पीएचडीला विषय काय घ्यावा, तर सातभाई पक्ष्याचे आवाज! मातकट रंगाची, सात-आठच्या टोळीनं फिरणारी, पालापाचोळा उलटापालटा करत दिवसभर कचकच करणारी ती पाखरं. माझे वडील तहसीलमधून क्लार्क म्हणून रिटायर झालेत. ते म्हणाले, "भांडणंच ऐकायची होती तर इतक्या लांब कशाला जातीस? नळावर जाऊन बस की."

मी ऐकलं नाही. राणीसावरगावच्या शिवारात, माळाच्या कडेनं, चार झाडांना मी आवाज टिपायचे चार डबे बांधले. सकाळी सहा ते दहा डबे चालू राहायचे. आठवड्यातून दोनदा एसटीनं जायचं, डब्यातलं कार्ड काढून आणायचं, ते कॉम्प्युटरला लावायचं. कॉम्प्युटर प्रत्येक आवाजाचं चित्र काढून दाखवतो, काळ्या रेघांचं. रेघा बघून आवाज वेगळे करायचे. वर शिकरा दिसला की बारीक, लांब शिट्टी. एकमेकांना हाक मारायची असली की मऊ कुर्रकुर्र. पिल्लांचं मागणं वेगळं. आणि जमिनीवर धोका असला की सगळी टोळी मिळून जो कल्ला करते तो वेगळा. माझा सगळा प्रबंध या शेवटच्या कल्ल्यावर होता. सातभाई सापाला एका तऱ्हेनं ओरडतात आणि मांजर-मुंगसाला दुसऱ्या तऱ्हेनं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं.

आता आवाज तर डब्यात येतो, पण पाखरं ओरडली कशाला ते डब्याला दिसत नाही. ते कुणीतरी पाहावं लागतं. माझ्या तक्त्यात त्यासाठी दोन रकाने होते. एक, कशाला ओरडले. दुसरा, कोणी पाहिलं. पहिले दोन महिने दुसरा रकाना जवळपास रिकामाच. बोरीच्या जाळीत वीतभर आतलं दिसत नाही, आणि मी जवळ गेले की पाखरं मलाच ओरडायची. मी चिडून झाडाला लाथसुद्धा मारलेली आहे.

अशीच एकदा चिडून बसले होते तेव्हा दगडाबाई भेटली. साठीची काटक बाई, सभोवती तीस-बत्तीस शेळ्या. पलीकडच्या जाळीत सातभाईंनी कल्ला मांडला होता. बाई माझ्याकडं बघत होती, जाळीकडं नाहीच.

"तिकडं नको जाऊ पोरी. साप हाय."

"तुम्हाला दिसला?"

"दिसायला कशाला पायजे? पाखरं सांगायलीत की."

दहा मिनिटांनी जाळीतून चांगली पुरुषभर लांब धामण निघून नाल्याकडं गेली. मी तिच्या पाया पडायचंच तेवढं बाकी राहिलं. पुढच्या खेपेला ती म्हणाली, मांजर हाय, आणि खरंच एक रानमांजर निघालं. मी काही भोळी नाही. एकोणीस वेळा पडताळून पाहिलं. एकोणीसच्या एकोणीस वेळा मावशी बरोबर. मग मात्र मी पडताळणं सोडलं आणि तिच्यासोबत हिंडू लागले. पाखरं ओरडली की ती सांगायची आणि 'कोणी पाहिलं' या रकान्यात मी 'द.' लिहायची. द म्हणजे दगडाबाई. दोन वर्षांत असे दोनशे बारा 'द.' झाले.

तिचा नवरा सिताराम बहुतेक वेळा सोबत असायचा. मितभाषी माणूस. कुठंही कल्ला झाला की हातातलं काम थांबवून विचारायचा, "काय हाय गं?" मावशी पदर खोचून, जरा वेळ लावून, तहसीलदार निकाल देतात तसं सांगायची, "मुंगूस हाय." तो मान डोलवून म्हणायचा, "तू म्हणलीस म्हंजी मुंगूसच." मला त्या दोघांचं लय कौतुक वाटायचं. आमच्या घरात आईनं सांगितलेली वेळसुद्धा वडील घड्याळात बघून घेतात.

भादव्यात सिताराम गेला. शेळ्यांना लस टोचायला जनावरांचा डॉक्टर गावात येणार होता, म्हणून त्यांचा मुलगा योगीराज शेळ्या धरून घरी थांबला, आणि नवरा-बायको गवत कापायला माळावर आले. बोरीच्या एका जाळीखाली गवत जोमात आलं होतं. सिताराम विळा घेऊन आत वाकला आणि नागानं मनगटाला चावा घेतला. गंगाखेडला नेताना वाटेतच गेला. मी त्या दिवशी पालमला होते. त्या जाळीजवळच्या झाडाचा डबा मात्र चालू होता.

तेरावा होऊन आठवडा झाला नसेल, दगडाबाई मला शोधत झाडाखाली आली. बसली नाही. उभ्यानंच विचारलं.

"तुझ्या डब्यात त्या दिवसाचं असंल का गं?"

"असंल मावशी."

"त्या जाळीवर पाखरं वरडायली व्हती. त्यांनी इचारलं, काय हाय गं. म्या मांजर म्हणलं. कापा तुमी म्हणलं." तिचा आवाज कोरडा होता. "म्या हे कुणाला सांगितलं न्हाई. योगीराजलाबी न्हाई. तू डब्यातलं बघ, अन् मला सांग, पाखरं मांजराला वरडायली व्हती का सापाला. मांजराला वरडली असतील तर पाखरांनीच फसवलं मला. अन् सापाला वरडली असतील तर म्या नीट ऐकलं न्हाई. म्हंजी म्याच मारलं त्यांना."

मी नुसती "बघते" म्हणाले.

घरी येऊन मी ते कार्ड लावलं. आठ वाजून सतरा मिनिटांनी कल्ला सुरू झाला होता. अकरा सेकंद. मग लांबून, पण स्पष्ट, "काय हाय गं?" आणि मावशीचं, "मांजर हाय. कापा तुमी." पुढचं मी ऐकलं एकदाच. पुन्हा ऐकणार नाही.

त्या अकरा सेकंदांचं चित्र मी कितीतरी दिवस बघत बसले. सापाचे म्हणून ठरवलेले आवाज शेजारी ठेवून पाहिले, मांजराचे ठेवून पाहिले. कधी वाटायचं इकडचं, कधी तिकडचं. माझा सगळा अभ्यास ज्या एका प्रश्नासाठी होता, तो प्रश्न एका बाईनं पहिल्यांदा खरोखरीच विचारला होता, आणि मला उत्तर येत नव्हतं. दगडाबाई भेटली की मी म्हणायची, "बघायलेय मावशी, लय रेकॉर्डिंग हाय." ती जोर करायची नाही. वाळत चालली होती, एवढं दिसायचं. माळावर शेळ्या घेऊन यायची, पण कल्ला झाला की आता काही सांगायची नाही. मान खाली घालून पुढं जायची.

पौषात आमच्या सरांनी प्रबंध वाचला आणि एक अट घातली. निवडक चाळीस आवाजांवरची तारीख, जागा, सगळं काढून टाकायचं, ते पत्त्यांसारखे पिसायचे, नुसते नंबर द्यायचे आणि दगडाबाईला कानानं ऐकवून पुन्हा सांगायला लावायचं. आधीच्या सांगण्याशी जुळलं तर प्रबंध पक्का. सरांचं म्हणणं रास्त होतं. पण माझ्या डोक्यात त्याच वेळी दुसरं काही शिजलं. ते अकरा सेकंद मी कापून घेतले, माणसांचे आवाज वगळून, आणि त्या चाळीस आवाजांत मिसळून दिले. तेवीस नंबर. तिचं उत्तर तिच्याच कानानं द्यावं, मला द्यायला लागू नये. भेकडपणा होता तो, दुसरं काही नाही.

मी लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेले. योगीराज शेळ्या घेऊन रानात गेला होता. ओसरीत पोतं टाकून आम्ही बसलो. कानाला लावायचा हेडफोन मी तिच्या डोक्यावर पदरावरूनच बसवला.

"मावशी, एकेक आवाज लावते. सापाला का मांजर-मुंगसाला, तेवढंच सांगा. घाई न्हाई."

पहिला लावला. ती ऐकत राहिली. मग मान वर करून तिनं अंगणात इकडंतिकडं पाहिलं.

"परत लाव."

परत लावला. "मांजर असंल," ती म्हणाली. तक्त्यात तो सापाचा होता. धामण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

दुसरा बरोबर आला. तिसरा चुकला. चौथ्याला तिनं आधी साप म्हणलं, मग मुंगूस, मग पुन्हा साप. प्रत्येक वेळी तिची नजर अंगणभर फिरून रिकाम्या वाड्यावर जायची, जिथं शेळ्या बांधतात. बारा आवाज झाले तेव्हा सहा बरोबर होते आणि सहा चूक. डोळे झाकून नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. माझी कानशिलं गरम व्हायला लागली. मी म्हणाले, मावशी, ध्यान देऊन ऐका की जरा.

तिनं हेडफोन ओरबाडून काढला.

"काय ध्यान देऊ? ह्यात शेळ्या कुठं हायेत?"

"शेळ्यांचं काय काम? ह्यात नुसता आवाज हाय!"

"नुस्त्या आवाजावरून कसं सांगू मी? अगं, सापाला वरडायली असली पाखरं, तर म्होरली शेळी जागच्या जागी थबकती, नाक फुरफुरती, पाय आपटती. मांजर-कुत्रं असंल तर सगळ्या एका ठिकाणी गोळा व्हत्यात. शेळ्या दिसल्याबिगर मला काय…"

एवढं बोलून ती थांबली. पण मी थांबले नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते दोनशे बारा 'द.' उभे राहिले होते.

"मग दोन वर्षं मला काय सांगत होतात तुमी? पाखरं सांगायलीत, पाखरं सांगायलीत! दोन वर्षं! माझं सगळं लिहिलेलं पाण्यात गेलं की मावशी! आधी का नाही सांगितलं शेळ्यांचं?"

ती माझ्याकडं बघतही नव्हती. वाड्याकडं बघत होती.

"त्या दिवशी शेळ्या घरी व्हत्या," ती म्हणाली.

मी कशावरून ओरडत होते आणि ती कशाजवळ पोचली होती! मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. एखाद्यानं तिथंच माझ्या थोबाडीत दिली असती तरी मी हूं की चूं केलं नसतं.

तिला ठाऊकच नव्हतं. हे मला तेव्हा कळलं. ती खोटं बोलत नव्हती, मला फसवत नव्हती. चाळीस वर्षं कानावर पाखरं आणि नजरेपुढं शेळ्या, दोन्ही एकदमच चालायचं. उत्तर शेळ्यांकडून यायचं आणि तिला वाटायचं पाखरांकडून आलं. आणि मी, कॉम्प्युटर घेऊन बसलेली शहाणी, तिच्याशेजारी दोन वर्षं हिंडले, मलाही शेळ्या दिसल्या नाहीत. मी पाखरांकडंच बघत राहिले.

"त्या दिवसाचं हाय का ह्यात?" तिनं विचारलं.

"हाय. तेवीस नंबर. तुम्हाला न सांगता घातला मी. चुकलं माझं."

"लाव."

"मावशी, राहू द्या."

"लाव म्हणते ना."

मी लावला. तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. तीनदा ऐकला. डोळे मिटलेले होते.

"मांजर," ती म्हणाली. "आजबी मला मांजरच वाटायलंय. तुझं मशीन काय म्हणतंय?"

आता खोटं बोलायची सोय नव्हती, आणि बोलायचंही नव्हतं. "मशीनला कळत नाही मावशी. मलाही नाही. ह्या आवाजावरून साप का मांजर हे कुणालाच सांगता येणार नाही, असं दिसतंय. तुमी ऐकलं नाही असं नाही. ऐकण्यासारखं त्यात नव्हतंच."

मला वाटलं होतं तिचा जीव हलका होईल. ती कडवट हसली.

"म्हंजी जिंदगीभर मला पाखरातलं काईच कळत नव्हतं. अन् न कळता म्या त्यांना आत धाडलं. शेळ्या संगं न्हाईत, एवढं तरी कळायला पायजे व्हतं का न्हाई मला? गप बसायचं व्हतं. न्हाई कळत म्हणायचं व्हतं. पर त्यांनी इचारलं की सांगायची सवय. मानाची सवय लय वाईट असती पोरी."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण तो हात माझ्या हातात असून नसल्यासारखा होता.

साडेबाराच्या सुमाराला योगीराज शेळ्या घेऊन आला. त्याच्या हातात एक नवं करडू होतं, ते त्यानं खाली ठेवलं. दगडाबाई उठली. मला वाटलं पाणी द्यायला उठली. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"योगीराज, ऐक. त्या दिवशी तुझ्या बापानं मला इचारलं, जाळीत काय हाय. म्या मांजर म्हणलं. कापा तुमी म्हणलं. माझ्या सांगण्यानं गेले ते आत. चार महिने झाले, तुला सांगायची छाती झाली न्हाई. आता तुला काय बोलायचं ते बोल."

योगीराजनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी नजर खाली घातली.

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं? हिनं?"

"बानं. गाडीवर."

नाग चावल्याचं कळताच योगीराजच मोटारसायकल घेऊन माळावर धावला होता. तो पुढं, मधे सिताराम, आणि त्याला धरून मागं शेजारचा बन्सीधर. दगडाबाईला गाडीवर जागा नव्हती, ती मागून पळत पळत सडकेपर्यंत गेली होती, हे मला गावात कळलं होतं. सिताराम गाडीवर काय बोलला, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्याची जीभ जड व्हायली व्हती," योगीराज म्हणाला. "माझ्या खांद्यावर हनवटी ठिवून बोलत व्हता. म्हणला, तुझ्या मायनं मांजर सांगितलं. तिच्यावर राग धरू नको. तिचं सगळं शेळ्यावरून असतंय. आज शेळ्या न्हाईत, हे म्याच इसरलो. माझी चूक हाय, तिला काय सांगू नको."

"शेळ्यावरून असतंय, हे त्यांना ठाऊक व्हतं?" दगडाबाईनं विचारलं.

"व्हतं की. मलाबी हाय. मी नऊ-धा वर्षांचा व्हतो तवा मी बाला म्हणलो, माय तर शेळीकडं बघून सांगती, पाखरांचं उगं नाव. तर त्यानं माझा कान पिळला. म्हणला, गप. तिला सांगायचं न्हाई. तिला सांगायला लय आवडतंय, अन् मला इचारायला."

वाड्यात शेळ्या एकमेकींना ढुशा देत आपापल्या जागी चालल्या होत्या. ते करडू दगडाबाईच्या पायाशी येऊन ओरडत होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं योगीराजच्या छातीवर एक बुक्की मारली, मग दुसरी. तो हलला नाही.

"चार महिने कामून बोलला न्हाईस रे?" ती म्हणाली.

"त्यानं शपथ घातली व्हती, माय."

दगडाबाई तिथंच जमिनीवर बसली. "मला कळतं म्हणून ते इचारत नव्हते," ती मला म्हणाली, मला म्हणजे कुणालाच नाही. "मला बरं वाटावं म्हणून इचारत व्हते." मग तिला रडू फुटलं, मोठ्यानं, शेजारपाजारच्या बाया दाराशी येईपर्यंत, आणि योगीराज तिच्याजवळ बसून राहिला.